बाणाच्या पुढचं पाणी

डोंग्यात पुढे कोणी बसायचं आणि मागे कोणी, हे ठरायला आम्हाला तीन महिने लागले.

दोन माणसांच्या उघड्या कनूत पुढच्याला फक्त नदी दिसते. मागच्याला नदी दिसते आणि पुढच्याची पाठ. वेग पुढचा ठरवतो, पाण्यातला खडक आधी त्याच्याच नजरेला पडतो. पण नाव वळवणं मागच्याच्या हातात. म्हणजे ज्याला दिसतं त्याच्या हातात फारसं काही नाही, आणि ज्याच्या हातात आहे त्याला उशिरा दिसतं. पुढच्यानं मागे न बघता सांगायचं, मागच्यानं का म्हणून न विचारता ऐकायचं. मास्तरला मागे बसायचं होतं. मलाही. सातवीपासूनची दोस्ती आमची, वर्गातलं घड्याळ बंद पडलं की तास संपल्याचं हाच बरोबर सांगायचा म्हणून तो मास्तर झाला आणि पन्नाशी उलटली तरी मास्तरच राहिला. इतक्या वर्षांत एकमेकांपासून काही लपवलं नाही. पण पाठ करून बसायची वेळ आली तेव्हा दोघांच्याही मनात काहीतरी अडलं.

शेवटी निकाल वजनानं लागला. मी त्याच्यापेक्षा अकरा किलोनं जड. जड माणूस पुढे बसला की नावेचं नाक पाण्यात रुततं आणि ती वळायला तयार होत नाही. रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर आम्ही दर रविवारी सराव करत होतो, तिथं हे दहादा अनुभवलं. मग एका रविवारी मास्तर काही न बोलता पुढे जाऊन बसला.

या सगळ्याचं मूळ मात्र तलावात नव्हतं. ते होतं 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटेत.

नागपूरकरांना ती रात्र सांगावी लागत नाही. मध्यरात्रीनंतर काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी काठ सोडून वस्त्यांत शिरली. मास्तरचं घर त्याच भागात, तळमजल्यावर. वीज गेलेली. त्याची आई, म्हणजे आमच्या काकू, वय अठ्ठ्याहत्तर, पलंगावरून उतरल्या तर पाणी मांडीला. सकाळी बचाव पथकाची रबरी बोट गल्लीत आली आणि काकूंना घेऊन गेली. ज्या गल्लीत मी तीस वर्षं स्कूटर लावली, त्या गल्लीत बोट.

मी दुपारी पोचलो तेव्हा त्या शेजारच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, कोणाच्या तरी कोरड्या साडीत बसल्या होत्या. भीती, नुकसान, फ्रिज, गाद्या, यातलं काही बोलल्या नाहीत. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होत्या. "मांडीभर पान्यात उभी होती मी, अन् मले माहे पाय दिसत नव्हते रे. काळं पानी. आपल्याच घरात आपले पाय दिसू नये म्हंजे काय?"

काकू पवनीच्या. वडिलांचा तिथं हातमाग होता. पवनी म्हणजे वैनगंगेच्या काठचं जुनं गाव, घाटांचं आणि देवळांचं. जगन्नाथ टेकडीवर 1969-70 च्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूप निघाला ते हेच गाव. काकूंना स्तूपाचं कौतुक आहे, पण त्यांची पवनी म्हणजे घाट. लहानपणी आम्ही त्यांच्याकडून एक वाक्य इतक्या वेळा ऐकलं होतं की त्याचा अर्थ ऐकू येणं बंद झालं होतं: "आमच्या वैनगंगेत छातीभर पान्यात उभं राह्यलं तरी पायाची बोटं मोजता येत." त्या दुपारी तो अर्थ पुन्हा ऐकू आला.

त्याच रात्री मास्तरनं मला विचारलं, "माझ्या घरातलं पाणी आता कुठं असेल?"

मला उत्तर देता आलं नाही, आणि ते मला फार लागलं. मी आरेखक आहे. तीस वर्षं घरांचे नकाशे काढतो. प्रत्येक नकाशात सांडपाण्याची रेघ असते: मोरीपासून चेंबर, चेंबरपासून दुसरं चेंबर, तिथून प्लॉटच्या हद्दीपर्यंत. हद्दीवर मी एक छोटा बाण काढतो आणि त्याच्यापुढे 'सार्वजनिक गटाराकडे' असं लिहितो. माझी रेघ तिथं थांबते. असे बाण मी किती काढले असतील, मोजणं शक्य नाही. त्यातला एकही बाण कुठं जातो हे मी कधी पाहिलं नव्हतं.

मग आम्ही नकाशा घेऊन बसलो. वाडीजवळच्या लाव्हा टेकड्यांत उगम पावणारी नाग शहराच्या पोटातून जाते, ज्या शहराला तिनं नाव दिलं त्याचं सगळं अंगावर घेते, पिवळी नदीला सोबत घेते आणि कुही तालुक्यात कन्हानला मिळते. कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेला. वैनगंगा, सिवनीतल्या मुंडाऱ्याहून निघालेली, गोसीखुर्दच्या धरणात अडते, सुटते, पवनीवरून जाते, वडसा-आरमोरी करत खाली उतरते, मार्कंड्याच्या देवळांपाशी उत्तरेकडे वळते, चपराळ्याच्या जंगलाशी वर्धा नदीला भेटते आणि तिथून दोघींचं नाव प्राणहिता होतं. प्राणहिता 113 किलोमीटर वाहते आणि सिरोंचासमोर कालेश्वरला गोदावरीत विरते. पुढे समुद्र. मी दोरा घेऊन नदीच्या वळणांवर ठेवत मोजलं. मौद्यापासून कालेश्वरपर्यंत साडेतीनशे ते चारशे किलोमीटरच्या मधलं काहीतरी निघालं.

मास्तर दोऱ्याकडे बघत म्हणाला, "एवढं तर जाता येते बे."

पाण्यानं नागपूरहून समुद्राकडे जाण्याचा विचार आमच्या आधी इंग्रजांनी केला होता, हे मला त्या हिवाळ्यात जुनी गॅझेटियर चाळताना कळलं. 1860 च्या दशकात, रिचर्ड टेंपल मध्य प्रांताचे चीफ कमिशनर असताना, गोदावरी आणि तिच्या उपनद्या आगबोटींसाठी खुल्या करायचा मोठा खटाटोप झाला. इंजिनिअर आर्थर कॉटननं खाली गोदावरीवर धवळेश्वरमला बंधारा बांधला होता, त्याच्यावरच्या बाजूला नदी साफ केली तर वऱ्हाड-वर्ध्याचा कापूस थेट किनाऱ्यावर जाईल, असा हिशेब. सिरोंचा तेव्हा अप्पर गोदावरी जिल्ह्याचं ठाणं होतं. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते, त्यातला तिसरा वर प्राणहितेवर, देवलमरीच्या बाजूला. खडक फोडले, कालवे खणले, माणसं तापानं मेली, आणि 1871 मध्ये काम सोडून दिलं. तोवर 1867 मध्येच रेल्वे नागपूरला पोचली होती. कापूस गाडीत चढला आणि नदीची वाट लोकांच्या डोक्यातून गेली. मला राहून राहून वाटतं, हे शहर नद्यांकडे पाठ करून बसलं त्याची सुरुवात तिथं कुठंतरी असावी. हा माझा अंदाज, पुरावा नाही. पण दीडशे वर्षं आपण रुळांकडे तोंड करून आहोत हे खरं.

नाव जुनीच घेतली, फायबरची, सोळा फुटांची. तयारीबद्दल फार लिहीत नाही. तांदूळ, तूरडाळ, कणीक, गूळ, दाणे. झाकणाचे दोन निळे प्लास्टिकचे ड्रम, म्हणजे नाव उलटली तरी कपडे आणि धान्य कोरडं राहावं. लाइफ जॅकेट, वीस मीटर दोर, फायबर सांधायचं सामान, पिण्याच्या पाण्याचे कॅन. आंबिया बहाराची साठ संत्री, जी मास्तरनं माझा विरोध मोडून घेतली आणि ज्यांची प्रत्येक फोड पुढे उपयोगी पडली. धरणाच्या पाण्याची, दरवाज्यांची, खालच्या जिल्ह्यांत कुठं कोणाला सांगून जायचं याची चौकशी आधी करून ठेवली. पवनीपर्यंतचा पहिला टप्पा. तिथं दोन दिवस थांबून पुढचा.

आणि आदल्या दिवशी जमीन हलली. 4 डिसेंबर 2024, सकाळी साडेसातच्या सुमारास, तेलंगणातल्या मुलुगूकडे केंद्र असलेला 5.3 तीव्रतेचा भूकंप. नागपुरात काही ठिकाणी जाणवला, आमच्या घरात छताचा पंखा बंद असून झुलला. मी नकाशा काढून पाहिला. मुलुगू जिल्हा कालेश्वरच्या दक्षिणेला, आम्ही जिथं जाऊन थांबणार तिथून जवळच. दिवसभर फोन येत राहिले. माझ्या बायकोनं जाऊ नका असं एकदाही म्हटलं नाही, पण तिचं डाळ निवडणं फार वेळ चाललं. मास्तरच्या घरी सगळे जमून काकूंकडे पाहत होते, कारण शेवटचा शब्द त्यांचा. काकू म्हणाल्या, "जमीन हालली म्हनून नदी थांबली का? जा. पवनीले पोचले का पान्यात उभं राहून मले फोन कर."

तिथं विषय संपला.

5 डिसेंबर, मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. पहाटे मौद्याला कन्हानच्या काठावर नाव उतरवली. हायवेच्या पुलावरून भंडाऱ्याकडे ट्रक चालले होते, त्यांचा आवाज पाण्यावर येऊन पसरत होता. धुकं फार नव्हतं, आभाळ मात्र ढगाळ. काठावर कपडे धुणाऱ्या दोन बायका हात थांबवून बघत राहिल्या. एका म्हाताऱ्या माणसानं डोंग्याला हात लावून पाहिला, बोटांनी टकटक केली.

"कुठी चालले भाऊ?"

"कालेश्वरला."

"डोंग्यानं?" तो थोडा वेळ गप्प राहिला. "मंग मधातल्या धारंनं जा. काठाकाठानं रेती हाय."

कनू हा शब्द तिथंच काठावर राहिला. त्या क्षणापासून ती डोंगाच झाली, आमच्याही तोंडी.

पहिले दोन तास मला नदीपेक्षा मास्तरची पाठच जास्त आठवते. निळं स्वेटर, त्यावर केशरी जॅकेट, मानेवर पांढरे झालेले केस. या माणसाला मी हजारो वेळा समोरून पाहिलं आहे, हसताना, भांडताना, वडिलांना अग्नी देताना. पाठ कधी इतका वेळ पाहिली नव्हती. उजवा खांदा डाव्यापेक्षा किंचित खाली आहे त्याचा. वल्हं ओढताना तो खालचा ओठ चावतो हे मागून दिसत नाही, पण मानेच्या शिरेवरून कळतं. मागच्याला सतत एक काम असतं. उजवीकडे वल्हं मारलं की नाव डावीकडे वळू पाहते, म्हणून फटका संपताना वरच्या हाताचा अंगठा खाली वळवायचा. पातं उभं होतं, पाणी बाहेर ढकलतं आणि नाक सरळ येतं. हे प्रत्येक फटक्याला. दुपारपर्यंत मनगट आपोआप वळायला लागलं आणि मग मला आजूबाजूचं दिसू लागलं.

काठांवर धानाची कापणी उरकली होती. बांध्यांत पुंजणे रचून ठेवलेले, कुठं मळणी चालू. पाणी उथळ व्हायचं तिथं मास्तर हात वर करायचा, आम्ही उतरून दोर धरून डोंगा ओढायचो. वाहत्या पाण्यावर कधी कधी बाणासारखा आकार उमटतो. टोक तुमच्याकडे असेल तर त्या टोकाखाली खडक आहे. टोक पुढे, वाहत्या दिशेला असेल तर दोन खडकांमधली वाट ती. मास्तर ओरडायचा, "टोक पुढं, डावीकडं!" आणि मी वळवायचो. पहिल्या दिवशी तीनदा मला पटलं नाही. तीनदा मी थोडं वाकून स्वतः पाहायचा प्रयत्न केला. तीनही वेळा बूड घासलं. तिसऱ्यांदा मास्तर वल्हं मांडीवर ठेवून थांबला, वळला नाही, समोर बघतच म्हणाला, "तुला पाहायचं असंन तर तू पुढं ये. मी मागं बसतो." मी काही बोललो नाही. त्यानंतर वाकलो नाही.

ऊन उतरत असताना पाण्याचा रंग बदलला.

आधी वास आला. त्या वासाला मी लहानपणापासून ओळखतो. जगनाडे चौकाच्या पुलावरून शाळेत जाताना नाक दाबायचो तोच वास, चाळीस वर्षांनी, शेतांच्या मधोमध. मग उजव्या काठाला जलपर्णीचा हिरवा थर, बेशरमची झुडपं, आणि त्यांच्यामागून येणारं काळपट पाणी. दोन पाण्यांच्या मध्ये बरंच अंतर एक रेघ दिसत होती: डावीकडे कन्हानचं मातकट हिरवं, उजवीकडे नागेचं काळं, सीमेवर पांढरा फेस. फेसात एक चप्पल, थर्माकोलच्या प्लेटा, निर्माल्याची पिशवी.

डोंग्याचा वेग गेला. मास्तरनं वल्हं आडवं धरून ठेवलं होतं. मीही थांबलो. धार आम्हाला हळूहळू त्या रेघेवर घेऊन गेली.

माझे बाण इथं येत होते. महाल, सक्करदरा, नंदनवन, धरमपेठ. मी काढलेली दुमजली घरं, ती अपार्टमेंटं, एकदा एक मंगल कार्यालय. प्रत्येकाच्या हद्दीवर टोकदार पेन्सिलीनं काढलेला बाण, त्याच्यापुढे दोन शब्द. हे काही गुपित नाही. भांडेवाडीला सांडपाणी शुद्ध होतं, त्यातलं पाणी वीजकेंद्रांना जातं, हे मला माहीत आहे, आणि ते चांगलं काम आहे. पण सगळं तिथं जात नाही, हेही माझ्या वल्ह्याखाली होतं. आम्ही पितो ते पाणी पेंच आणि कन्हानचं. कन्हानकडून घेतो आणि नागेतून कन्हानलाच देतो, असं देतो. मधे फक्त आपण असतो. मला त्या वेळी राग आला नाही, लाज म्हणावी तर तीही पुरेशी नाही. कोणाकडे पाहुणे म्हणून जावं आणि त्यांच्या अंगणात आपल्याच घरची घाण पडलेली दिसावी, आणि त्यांनी काहीच न बोलता पाट मांडावा, तसं काहीतरी.

मास्तर बऱ्याच वेळानं म्हणाला, "आमच्या घरातलंही हेच आलं असंन."

"हो."

"आईचं पातळ वाहून गेलं होतं एक. हिरवं." मग त्यानं वल्हं पाण्यात घातलं.

मुक्काम आम्ही मुद्दाम बराच पुढे, वास विरल्यावर, एका रेतीच्या पट्ट्यावर केला. मौद्याहून गोवऱ्या घेतल्या होत्या. कणकेचे रोडगे वळून निखाऱ्यात घातले, वांगी भाजली, तिखट-मीठ-लसूण कुस्करून भरीत. कॅनमधलंच पाणी वापरलं, नदीचं नाही. संध्याकाळी ढग फाटले. पश्चिमेला शुक्र, त्याच्या वरच्या अंगाला चतुर्थीची कोर. पूर्वेला रोहिणीजवळ गुरू इतका तेजस्वी की रेतीवर आडवं पडून बघत राहिलो. नदीपलीकडे चक्रवाकांची जोडी ओरडत होती, एक इकडून, एक तिकडून. मास्तर लवकर झोपला. मी त्याच्या घोरण्याचा आवाज ऐकत पाण्याचा विचार करत राहिलो.

दुसऱ्या दिवशी आंभोरा. पाच नद्यांचा संगम म्हणतात तो: वैनगंगा, कन्हान, आम, कोलारी, मुर्झा. आज तिथं नद्या वेगळ्या दिसत नाहीत, धरणाचं पाणी सगळ्यांवर पसरलं आहे. टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ, मुकुंदराजांशी या जागेचं नातं सांगणारी जुनी परंपरा, आणि वर 2024 मध्ये खुला झालेला तारांचा नवा पूल, ज्याच्या मनोऱ्यातल्या गॅलरीतून लोक खाली बघत होते. खालून आम्ही वर बघत होतो. काठावर झिंगे तळून देणाऱ्या बाईनं आमच्या हातांवरचे फोड बघितले आणि हळद लावायला दिली. पैसे घेतले नाहीत.

तिसरा दिवस सगळ्यात अवघड गेला. धरणाच्या फुगवट्यात धार नसते, एक फटका चुकला तर नदी मदत करत नाही. दुपारी आडवा वारा सुटला आणि लाटा बाजूनं आत येऊ लागल्या. काठाच्या आश्रयानं जावं तर तिथं बुडालेली झाडं, निष्पर्ण, पांढरी, पाण्यात कंबरभर उभी. एका झाडाला वळसा घालताना वल्हं कशात तरी अडकलं. जाळं. मी ओढलं, ते आणखी गुंतलं, डोंगा आडवा झाला. मास्तर पहिल्यांदाच ओरडला, "हात सोड! वल्हं सोड!" मी सोडलं. विचार केला नाही. डोंगा सरळ झाला.

ज्याचं जाळं होतं ते ढीवर बाबा अर्ध्या तासानं आले, एका जुन्या लाकडी डोंग्यातून, बांबूनं ढकलत. आम्ही माफी मागू लागलो. त्यांनी आधी जाळ्याची गाठ उकलली, फाटलेलं बोटांनी चाचपलं, मग वल्हं माझ्या हातात दिलं. "बाटल्या पाहत जा. रिकामी बाटली तरंगते ना, तिच्याखाली जाळं रायते." मग त्यांनी आमच्या पुढे जाऊन काठाची वाट दाखवली. वाटेत एका जागी बांबू उभा धरून थांबले. "इथं खाली आमचं गाव होतं. हे झाड शाळेजवळचं."

गोसीखुर्दची पायाभरणी 1988 ची. तेव्हा आम्ही कॉलेजात होतो, वर्तमानपत्रात फोटो पाहिला असेल, विसरलो असू. त्यांना ते वर्ष पाठ होतं. त्यांना विचारलं, पाणी कसं आहे आता. बाबांनी ओंजळ भरून पाहिली, जशी दुकानातली डाळ बघतात. "पावसाळ्यात बरं रायते. उन्हाळ्यात मासोली वास मारते. तुमच्या नागपूरचं येते म्हनतात." आवाजात तक्रार नव्हती. मास्तरची पाठ मला दिसत होती. त्यानं मान खाली घातली. मी म्हणालो, "हो बाबा, आमचंच येते." त्यांनी पाणी सोडून दिलं आणि विचारलं, जेवले का.

रात्री त्यांच्या पुनर्वसनातल्या घरी जेवलो. भात, लाखोरीची डाळ, मरळीचा रस्सा. जाळ्याचे पैसे आम्ही सुनेच्या हातात ठेवले, तिनं ते घेतले, आणि त्यामुळे मला झोप लागली.

धरणाच्या बरंच आधी, सांगितल्याप्रमाणे, चौथ्या दिवशी सकाळी डोंगा पाण्याबाहेर काढला. 33 दरवाजे, सगळे बंद, एका रांगेत. एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पैऱ्यावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, डोंगा आडवा टाकला आणि आम्ही त्याला धरून बसलो. रस्त्यानं मुलं मागे धावत होती. इतके दिवस मागे-पुढे बसल्यावर ट्रॉलीत समोरासमोर बसलो तेव्हा मास्तरचा चेहरा मला अनोळखी वाटला. उन्हानं काळवंडला होता, दाढी वाढलेली. तो म्हणाला, "काय पाहून राहिला?" मी म्हणालो काही नाही.

पवनीचा घाट. दगडी पायऱ्या काही तुटलेल्या, काही तशाच गुळगुळीत. धरणाखाली पाणी कमी होतं, रेतीवरून पसरून वाहत होतं, पण वाहत होतं. तीन दिवसांनी धारेचा आवाज पुन्हा कानावर आला. डोंगा पायरीला बांधला. मास्तरनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि एक एक पायरी उतरत पाण्यात गेला, फोन कानाला लावून. मी वरच्या पायरीवर बसलो. त्याची पाठच दिसत होती.

"आई, पोचलो. हो, पान्यातच उभा हाय. घाटावर." तो खाली वाकून बघत होता, हलणारं पाणी थांबायची वाट बघितल्यासारखा. बराच वेळ गेला. काकूंना फोन ठेवल्यासारखं वाटलं असावं, कारण तो दोनदा म्हणाला, "आहो ना, आहो."

मग म्हणाला, "घोट्यापर्यंत दिसतात."

पलीकडून काकू काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं, कारण त्या फोनवर नेहमी मोठ्यानं बोलतात.

"मंग आनखी पुढं जा."